पाटीचे हप्ते

मिरजेत माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर आजारी माणसाबरोबर आलेला असतो. उरलेले आम्ही, ज्यांची घरंच इथं आहेत. सकाळी फिरायला निघालं की अथणी-चिकोडीकडून आलेली मंडळी हातात एक्स-रेची पिवळी पाकिटं घेऊन पत्ता विचारतात. त्यांना वाट दाखवता दाखवता आमचीही निम्मी डॉक्टरकी होऊन जाते. "पोटाचा का छातीचा?" एवढं विचारून मी आता कुणालाही योग्य गल्लीत सोडू शकतो.

या गावाला हे वळण लागून सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. विल्यम वानलेस नावाचे मिशनरी डॉक्टर कॅनडातून आले आणि १८९४ साली त्यांनी इथं इस्पितळ उभं केलं. सांगलीच्या वाटेवर त्यांच्या नावाची वाडीही आहे. पुढं १९६२ मध्ये मेडिकल कॉलेज आलं आणि मग गावात दोनच धंदे उरले, सतारी आणि शस्त्रक्रिया. दोन्हींत शिकायला निम्मं आयुष्य जातं, पण सतारमेकराच्या दुकानावर नुसतं आडनाव असतं. डॉक्टरच्या पाटीवर नावापेक्षा पुढची अक्षरं लांब.

या पाट्या वाचायचं मला व्यसन आहे. लहानपणी आमच्या पेठेतल्या डॉक्टरांच्या पाटीवर एल.सी.पी.एस. असायचं. त्या चार अक्षरांवर ते बाळंतपणापासून विंचवापर्यंत सगळं बघायचे. मग एम.बी.बी.एस. आले, त्यापुढं एम.डी., एम.एस. आणि आता डी.एम., एम.सीएच. लोक त्यात विद्वत्ता बघतात. मी चौतीस वर्षं बँकेत, त्यातली बरीच कर्जखात्यात काढली. मला त्या अक्षरांत हप्ते दिसतात. एम.बी.बी.एस. म्हणजे साडेपाच वर्षं. एम.डी. म्हणजे आणखी तीन. डी.एम. म्हणजे त्यावर अजून तीन. मधली परीक्षांच्या तयारीची वर्षं पाटीवर येत नाहीत. व्याज जसं पावतीवर ठळक छापत नाहीत, तसं ते.

२००१ साली बँकांच्या संघटनेनं शैक्षणिक कर्जाची नमुना योजना आणली, तेव्हापासून हे अर्ज माझ्या टेबलावर यायला लागले. चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यावर गेलं की घर किंवा जमीन. शिक्षण संपल्यावर वर्षभरानं हप्ता सुरू. अर्जात एक रकाना असायचा: शिक्षणानंतरचं अपेक्षित मासिक उत्पन्न. समोर अठरा वर्षांचं पोर, ओठावर नुकती लव फुटलेली, आणि मी त्याला विचारतोय की बाबा, बारा वर्षांनी तू महिन्याला किती मिळवशील? पोर बापाकडं बघायचं, बाप माझ्याकडं आणि मी मॅनेजरच्या केबिनकडं. शेवटी आम्ही तिघं मिळून एक आकडा लिहायचो. त्या आकड्याला कशाचाही आधार नसे. पुढं मी भरपूर शेअरबाजार पाहिला, पण त्या रकान्याइतकी बेधडक भविष्यवाणी कुठंही पाहिली नाही.

म्हणून जेव्हा आमच्याच घरात डॉक्टर व्हायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांनी मला तज्ज्ञ ठरवलं.

आक्काची मुलगी २०१६ मध्ये सरकारी कॉलेजात लागली. सरकारी म्हटल्यावर दाजींनी गावात पेढे वाटले, त्यातले निम्मे हुशारीचे आणि निम्मे वाचलेल्या पैशांचे. सरकारी कॉलेजात वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात, अभिमत विद्यापीठात तीच पंचवीस लाखांकडं धावते. फरकात तासगाव तालुक्यात चांगली बाग येते. हे दाजींचं माप. दाजी द्राक्षबागायतदार. जगातली प्रत्येक गोष्ट ते बागेत मोजतात.

"बघा की," ते मला म्हणाले, "एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळ छाटणी, फेब्रुवारीत माल गाडीत. नवी बाग लावली तरी दोन वर्षांत घड दिसतो. ही पोरगी घड कधी दाखवणार?"

मी कागदावर हिशेब मांडला. अठराव्या वर्षी प्रवेश, चोविसाव्या वर्षी एम.बी.बी.एस., सत्ताविसाव्या वर्षी एम.डी., त्यावर एक वर्ष सरकारी बॉण्ड. डी.एम. केलं तर आणखी चार-पाच. दाजींनी कागद हातात घेऊन लांबून, मग जवळून पाहिला.

"तोवर बाग म्हातारी होते ओ."

दाजींना कोणी खुळं समजू नये. गारपीट, डाऊनी, भुरी आणि व्यापाऱ्याचा न वटलेला चेक या चारही गोष्टी त्यांनी भोगल्या आहेत. जोखीम म्हणजे काय ते त्यांना माझ्या बँकेपेक्षा जास्त कळतं. त्यांचा प्रश्न साधा होता. एवढी वर्षं, एवढा पैसा घालून जो माल निघणार, त्याला गिऱ्हाईक आहे का?

खरी गंमत आली ती २०२२ मध्ये, पीजीच्या वेळी. भाची नीट-पीजी पास झाली, रँक बरा होता, पण बरा म्हणजे काय हे ठरवणारं एक वेगळंच शास्त्र आहे. वैद्यकशास्त्रातही जाती आहेत. सगळ्यात वर रेडिओलॉजी, त्याच्या मांडीला मांडी लावून त्वचारोग आणि मेडिसिन. मग अस्थिरोग, बालरोग, स्त्रीरोग वगैरे सरदार. आणि खाली शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे बिचारे पाया घालणारे, ज्यांच्यावाचून इमारत उभी राहत नाही आणि ज्यांच्याकडं कुणी बघत नाही. पहिल्या फेरीत वरच्या जागा उडतात. मग दुसरी फेरी, मॉप-अप, आणि शेवटी उरल्यासुरल्या जागांचा स्ट्रे राउंड, आमच्या बाजारात संध्याकाळी भाजीचे वाटे लावतात तसा.

त्या आठवड्यात दाजींना रोज एजंटांचे फोन. त्यांना नंबर कुणी दिला, देव जाणे. "साहेब, रेडिओलॉजी. मॅनेजमेंट कोटा. फक्त तुमच्यासाठी." आकडा कोटीच्या पुढं. दाजींनी एकाला विचारलं, "कोटी कसले? बागेत औषध मारायच्या पंपाचे का?" तो एजंट परत आला नाही, पण दुसरे आले. एका रात्री आक्कानं मला फोन करून हळूच विचारलं की ओढ्याकाठची दोन एकर विकली तर? मी बँकवाल्याच्या आवाजात म्हणालो, "आक्का, जमीन विकून घेतलेली विद्या पेशंटकडून वसूल होते. तुझ्यासारखी एखादी बाई टेबलासमोर बसली की तुझी लेक तिच्याकडं माणूस म्हणून बघेल का ओढ्याकाठची दोन एकर म्हणून?" मला वाटलं मी फार छान बोललो. आक्का म्हणाली, "तुझं व्याख्यान राहू दे, व्याजदर सांग."

या रेडिओलॉजीचंही एक बघा. २०१६ मध्ये, आमची भाची मानवी हाडं मोजायला शिकत होती तेव्हा, संगणकाच्या बुद्धीचे मोठे जाणकार जेफ्री हिंटन यांनी जाहीर सांगितलं होतं की आता रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं बघेल. पाच वर्षं होऊन गेली, रेडिओलॉजिस्टांची मागणी आहे तशीच आहे. मला या हिंटनसाहेबांबद्दल आपुलकी वाटते. त्यांनीही एक अपेक्षित उत्पन्नाचा रकाना भरला होता.

भाचीनं शेवटी परस्परच निर्णय घेतला. सरकारी कॉलेज, आणि विषय भूलशास्त्र.

घरात शांतता पसरली. आक्का म्हणाली, "म्हणजे तू ऑपरेशन करणार नाहीस?"

"नाही. ऑपरेशन होईपर्यंत पेशंटला सांभाळणार."

"म्हणजे झोपवणार."

"झोपवणार, आणि..."

"अगं, मी तुला दोन वर्षं मांडीवर झोपवलं, मला कुणी एम.डी. दिली नाही."

मराठीनं या शाखेवर तसा अन्यायच केलाय. भूल पडणं म्हणजे चुकणं, भूल घालणं म्हणजे फसवणं, आणि भूलतज्ज्ञ ही पाटी प्रथम वाचणाऱ्याला वाटतं की चुका करण्यात पारंगत असलेले गृहस्थ आत बसलेत. सरकारनं सावरून घ्यायचा प्रयत्न केला आणि खात्याला नाव दिलं बधिरीकरणशास्त्र विभाग. दाजी म्हणाले, "सरकारला त्याचा वेगळा विभाग कशाला लागतोय?"

पण दाजींना खरा धक्का बसला तो पुढच्या माहितीनं. भूलतज्ज्ञाला स्वतःचा दवाखाना नसतो. बाहेर बाकडी नाहीत, नंबराची टोकनं नाहीत, कंपाउंडर नाही. सर्जनचं ऑपरेशन असेल तिथं आपली बॅग घेऊन जायचं. आज या हॉस्पिटलात, उद्या त्या. म्हणजे पाटी नाही! नऊ वर्षं, बाप जामीनदार, आणि शेवटी पाटी नाही? लग्नात मांडव घालून वाजंत्री न बोलावण्यातला प्रकार.

मी दाजींना समजावलं की बँकेच्या नजरेनं हा धंदा उत्तम आहे. रेडिओलॉजिस्टला काही कोटींचं एमआरआय लागतं, त्याचे हप्ते, त्याची देखभाल. सोनोग्राफी घेतली तर १९९४ च्या कायद्याचे फॉर्म भरून हात दुखतात. सर्जनला थिएटर लागतं. भूलतज्ज्ञाला एक बॅग, एक गाडी आणि रात्री दोन वाजता उचलला जाणारा फोन. भांडवल कमी, उलाढाल रोज. "म्हणजे टॉनिकवाला एजंट," दाजी म्हणाले. मी विषय बदलला.

या शाखेचा मूळपुरुष मात्र वसुलीच्या बाबतीत फारसा शुभ नाही. विल्यम मॉर्टन हा अमेरिकेतला दातांचा डॉक्टर. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये त्यानं इथर देऊन रुग्णाला भूल दिली आणि सर्जननं त्याच्या मानेवरची गाठ काढली. जग बदललं. पण मॉर्टनचं लक्ष पेटंटकडं. इथर सगळ्यांना ठाऊक असलेली वस्तू, म्हणून त्यानं त्यात रंग आणि वास मिसळून त्याला नवं नाव दिलं, लेथिऑन. वासावरून लोकांनी ओळखलं. मग पुढची वीसेक वर्षं तो अमेरिकेच्या संसदेकडं एक लाख डॉलरचं बक्षीस मागत फिरला, दुसरे दोघे-तिघे हा शोध आपलाच म्हणून भांडत राहिले, आणि बक्षीस काही हाती न लागता १८६८ मध्ये तो वारला. कर्जखात्यात अशा फायली आम्ही वेगळ्या कपाटात ठेवायचो.

भाचीची तीन वर्षं आम्ही फोनवरच पाहिली. त्या काळात तिचं नाव जेआर वन, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट वन, मग जेआर टू, मग जेआर थ्री होतं. घरचं नाव हाक मारायला उरलं नव्हतं. जगाला झोपवायचं शिकणारी ही पोरगी स्वतः झोपेला मोताद. दिवाळीला आली ती ओवाळणीच्या पाटावर बसल्या बसल्याच झोपली. आक्का निरांजन घेऊन उभी, आणि दाजी पुटपुटतात, "आईनं एका मिनिटात भूल दिली, आता बोला." मध्ये एकदा विद्यावेतन थकलं तेव्हा भाचीनं माझ्याकडून पाच हजार घेतले. पस्तीस वर्षांच्या नोकरीला एका वर्षानं चुकलेला मी निवृत्त कारकुनी जीव, आणि जिच्या हातात माणसाचा श्वास, ती डॉक्टर माझ्याकडून मेसचे पैसे घेतेय. मी ते परत घेतले नाहीत. अनुत्पादक कर्ज म्हणून सोडून दिले.

ती पहिल्या वर्षाला असताना, २०२३ च्या सप्टेंबरात, सरकारनं पीजीसाठी पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणला, कारण देशभर जागा रिकाम्या राहत होत्या. शून्य! मी दोनदा वाचलं. एकीकडं लाखो पोरं जागेसाठी वर्षंच्या वर्षं खोलीत कोंडून घेतात, दुसरीकडं जागा माणसाची वाट बघतात. भाचीनं उलगडून सांगितलं, "मामा, रिकाम्या जागा दोन प्रकारच्या. एक, ज्यांना पगार नाही. दोन, ज्यांची फी कुणाला परवडत नाही." दहा वर्षांत देशातल्या पीजीच्या जागा एकतीस हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढं गेल्या. त्यामुळं पुण्या-मुंबईत तज्ज्ञांची आता गर्दी होतेय. मोठ्या हॉस्पिटलांत नव्या डॉक्टरला आधी काही महिने 'मिनिमम गॅरंटी' देतात. आमच्या बँकेत गॅरंटी म्हटलं की कुणीतरी जप्तीच्या भीतीनं घामाघूम झालेला असायचा. इथं मुदत संपली की डॉक्टर घामाघूम होतो, कारण पुढं पेशंट आणेल तेवढंच पान. पेशंट आणायचे कुठून, तर ज्यांच्याकडून येतात त्यांना खूश ठेवून. त्या खुशीला कट म्हणतात. २०१७ मध्ये राज्यात तो बंद करायच्या कायद्याचा मसुदा झाला होता. मसुद्याचं पुढं काय झालं ते विचारायला आमच्या ओळखीचं कुणी मंत्रालयात नाही.

आणि याच महाराष्ट्रात, मिरजेहून तासाभराच्या वाटेवर, ग्रामीण रुग्णालयात टेबल आहे, दिवा आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण भूल द्यायला माणूस नाही म्हणून अडलेल्या बाईला रुग्णवाहिकेत घालून पुढं पाठवतात. देशातल्या अशा सामुदायिक केंद्रांत तज्ज्ञांच्या लागणाऱ्या पदांपैकी सुमारे ८० टक्के जागी कुणी नाही. सरकारनं यावर एक तोड काढली होती, साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना १८ आठवड्यांत जीव वाचवण्यापुरती भूल शिकवायची. दाजींनी हे ऐकलं आणि ते बराच वेळ गप्प राहिले. "अठरा आठवडे?" ते म्हणाले. "मग आपण नऊ वर्षं काय केलं?"

भाचीचं एम.डी. झालं आणि बॉण्डची ऑर्डर आली. सरकारी खर्चानं शिकलेल्यांनी एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दंड भरायचा. एम.बी.बी.एस.ला दहा लाख, पीजीला पन्नास लाख, सुपरस्पेशालिटीला दोन कोटी. हे दरपत्रक मी कौतुकानं वाचलं. मुदतपूर्व परतफेडीवर एवढा दंड आमच्या बँकेनं कधी लावला नाही. भाचीच्या वर्गातली काही मुलं भरून मोकळी होण्याच्या गोष्टी करत होती. आमच्याकडं तो प्रश्नच नव्हता, ओढ्याकाठची दोन एकर आम्ही विकली नव्हती.

तिला एक ग्रामीण रुग्णालय मिळालं. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या मंडळींना उगाच वाईट वाटायचं. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज वेगळाच, बोलताना थांबत नव्हती. आदल्या रात्री दोन सिझर झाली होती. तिथं कित्येक महिन्यांनी रात्रीचं सिझर झालं म्हणून शिपाई पहाटे बाजारपेठेत जाऊन कुठल्यातरी हलवायाला उठवून पेढे घेऊन आला. त्यातले दोन पेढे तिनं कागदात बांधून ठेवलेत, म्हणाली, "मामा, एक तुमचा." पेढा माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला बुरशी आली होती. मी खाल्ला नाही, पण टाकवलाही नाही तीन दिवस.

त्याच सुमाराला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, इथंच मिरजेत. पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखालचा मी मला परका झालो. डोक्याशी कुणीतरी उभं होतं. सर्जन पायाकडून क्रिकेटचं बोलत होते, आणि डोक्याकडचा आवाज मधूनमधून विचारायचा, "काका, ठीक आहात ना?" मी डोळे वर करून पाहिलं तर मास्कच्या वर दोन उलटे डोळे. तेवढंच. चौथ्या दिवशी सर्जनना मी नारळ आणि शाल दिली. डोक्याकडच्या आवाजासाठी बिलात एक ओळ होती, तिच्यासमोर रक्कम. नाव नव्हतं. आजही ते डॉक्टर मला मेडिकलच्या दुकानात भेटले तर ओळखू येणार नाहीत, मी शीर्षासन केल्याशिवाय. हे भाचीला सांगितलं तेव्हा ती खूप हसली.

"मामा, आम्हाला सगळे उलटंच बघतात."

हे आक्कानं ऐकलं असावं. कारण महिन्याभरात ती मला घेऊन पाट्यांच्या दुकानात गेली. म्हणाली, दवाखाना नसला तर नसला, घराला दार आहे ना? पितळी रंगाची पाटी, काळी अक्षरं. नाव, खाली एम.बी.बी.एस., एम.डी., त्याखाली भूलतज्ज्ञ. दुकानातल्या पोरानं सगळं टिपून घेतलं आणि विचारलं, "ताई, वेळ काय टाकू? सकाळ-संध्याकाळ?"

आक्का अडली. वेळेशिवाय डॉक्टरची पाटी म्हणजे कुंकवाशिवाय पत्रिका. तिनं तिथूनच लेकीला फोन लावला. भाची म्हणाली, "आई, वेळ त्या सर्जनला विचार."

पोरानं वेळेची ओळ मोकळी सोडली. आता पाटी दाजींच्या दारावर, द्राक्षाच्या मांडवाकडं तोंड करून आहे. येणारे औषध दुकानदार, व्यापारी, छाटणीचे मजूर वाचतात आणि चप्पल काढून आत येतात. खालची मोकळी जागा डोळ्यात भरते. मागच्या रविवारी मी म्हणालो, दाजी, तेवढी पट्टी चिकटवून घ्या, बरं दिसत नाही. ते म्हणाले, "राहू दे. पोरगी डी.एम.चं म्हणतेय. तिथं बसतंय." मग जरा खुर्ची पुढं ओढून, आवाज खाली आणून:

"काय ओ, बँकेत हल्ली बागेवर किती देतात?"